काचबिंदू: थेंब आधी की लेसर आधी?

साताऱ्याहून आत्याचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून ती डोळे तपासायला गेली होती. तिथं डोळ्याचं प्रेशर जास्त निघालं, मग आणखी दोन-तीन तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर म्हणाले की काचबिंदूची सुरुवात आहे, लेसर करून घेऊ.

"पहिल्याच भेटीत लेसर म्हणतायत म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय बघ," आत्या म्हणाली. "तोंडावर सांगत नाहीत, एवढंच."

तिची भीती उगाच नव्हती. आतोबांचा काचबिंदू तिनं वर्षानुवर्षं सांभाळला होता. त्यांच्या घरात अंडी येत नसत, त्यामुळे फ्रीजच्या दारातल्या अंड्यांच्या खाचांत आतोबांच्या औषधाच्या बाटल्या उभ्या असायच्या. आधी एक, पुढे दोन, शेवटी तीन. रात्रीच्या जेवणानंतर आतोबा खुर्चीत मान मागे टाकून बसत आणि आत्या थेंब घाली. ती गावाला गेली की स्वतःच घालायचे. मग अर्धा थेंब गालावरून कानापर्यंत ओघळायचा. पडला की नाही याची खात्री नसायची म्हणून आणखी एक टाकायचे आणि महिन्याची बाटली वीस दिवसांत संपायची. अशी बरीच वर्षं काढल्यावर एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं की आता ऑपरेशनला पर्याय नाही. तोवर डावा डोळा गेल्यात जमा होता.

म्हणून आत्याच्या डोक्यात काचबिंदूची एक शिडी पक्की बसलेली: थेंब, आणखी थेंब, मग लेसर, मग ऑपरेशन, मग अंधार. लेसरचं नाव निघालं म्हणजे आपण तिसऱ्या पायरीवर आलो, असा तिचा हिशोब. ही शिडी तिनं मनानं रचलेली नव्हती. कालपरवापर्यंत डॉक्टरही याच क्रमानं चालत. पण गेल्या काही वर्षांत पायऱ्यांची अदलाबदल झाली आहे, आणि ती का झाली हे समजलं तर लेसर हा शब्द ऐकून पोटात गोळा येणार नाही.

आधी एक घोळ मिटवू. मोतीबिंदू आणि काचबिंदू या नावांमुळे ती भावंडं वाटतात, पण तसं काही नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यातला जो मेला तो मेला. थेंब, लेसर, ऑपरेशन यांपैकी काहीही गेलेली नजर परत आणत नाही. उरलेली राखणं एवढंच हातात असतं. काचबिंदूच्या बाबतीत 'लवकर' या शब्दाला इतकं वजन आहे ते यामुळेच.

नस सुकते कशानं? बहुतेकांत डोळ्यातल्या दाबानं. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. अश्रू वेगळे, हे पाणी आतलं. ते मिनिटाला साधारण दोन ते तीन मायक्रोलिटर तयार होतं, म्हणजे औषधाच्या बाटलीतून पडणाऱ्या एका थेंबाएवढं पाणी व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. जेवढं तयार होतं तेवढं बाहेरही जायला हवं. बाहेर जायची वाट म्हणजे, बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि त्यामागचा रंगीत पडदा जिथं एकमेकांना भेटतात तो कोपरा. डॉक्टर त्याला कोन म्हणतात. त्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते. स्वयंपाकघरातल्या सिंकची जाळी डोळ्यांसमोर आणा. वरून नळ चालू आणि जाळी तुंबली, तर पाणी साठणारच. डोळा हा बंद गोळा असल्यामुळे पाणी सांडत नाही, दाब वाढतो, आणि त्याचा मार मागच्या नसेला बसतो.

दाबाचा नेहमीचा पल्ला १० ते २१ धरतात. एकक तेच, ब्लड प्रेशरमधलं पाऱ्याचं मिलिमीटर. पण २१ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. कुणाची नस २६ वरही वर्षानुवर्षं ठणठणीत राहते, कुणाची १६ वर सुकते. म्हणून एकट्या प्रेशरच्या आकड्यावर काचबिंदू ठरत नाही. नस पाहावी लागते, तिचं स्कॅनिंग आणि नजरेच्या आवाक्याची तपासणी करावी लागते. आणि हे सगळं होत असताना रुग्णाला मात्र काहीच जाणवत नाही. आधी कडेची नजर जाते आणि मेंदू ती भोकं आजूबाजूच्या रंगानं रफू करून टाकतो. दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागतो, जिन्याची शेवटची पायरी चुकते, आणि माणूस म्हणतो, वय झालं. दक्षिण भारतात आंध्र आणि चेन्नई परिसरात घरोघरी जाऊन डोळे तपासले तेव्हा काचबिंदू असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता.

दाब उतरवण्याचा फायदा किती, याचं उत्तर स्वीडनमधल्या एका जुन्या अभ्यासानं दिलं आहे. माल्मो आणि हेल्सिंगबोर्गमधल्या २५५ रुग्णांचे दोन गट केले. काचबिंदू सुरुवातीचा होता. एका गटाला लगेच उपचार, दुसऱ्यावर फक्त नजर. दाब १ मिलिमीटरनं उतरला की आजार पुढं सरकण्याचा धोका साधारण दहा टक्क्यांनी घटतो, असा त्याचा निष्कर्ष. पण त्या 'लगेच उपचारा'त फक्त थेंब नव्हते. जुन्या प्रकारचं लेसर आणि थेंब हे दोन्ही पहिल्या दिवसापासून होते. म्हणजे लेसर सुरुवातीलाच वापरणं ही कल्पना कालची नाही.

चाकू आधी आला, थेंब नंतर

त्याहून मागं गेलं तर चित्र आणखी उलटं दिसतं. काचबिंदूवरचा पहिला खरा उपचार ऑपरेशनच होता. १८५७ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापून दाब उतरवून दाखवला. थेंब त्यानंतर वीसेक वर्षांनी आले. ऑपरेशनच्या या इतिहासात आपल्याकडचंही एक शहर आहे. १९०९ मध्ये मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात कर्नल रॉबर्ट हेन्री एलियट यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला बारीक गोल भोक पाडून पाणी बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि ती जगभर गेली. अडचण अशी की भोक उघडं राही. पाणी फार वाहून डोळा मऊ पडे, जंतुसंसर्गही होई. १९६८ मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी त्या वाटेवर भिंतीचीच एक पातळ झडप ठेवायला सुरुवात केली. तीच ट्रॅबेक्युलेक्टॉमी, काचबिंदूचं आजही सर्वांत जास्त होणारं मोठं ऑपरेशन.

मग थेंबांचे दिवस आले. १९७८ ला टिमोलॉल, १९९६ ला लॅटानोप्रोस्ट. ही औषधं खरोखर चांगली होती. लॅटानोप्रोस्टचा रात्री एक थेंब आणि दाब पाव ते एक तृतीयांशानं खाली. ऑपरेशनच्या जोखमीपुढं बाटली कुणालाही परवडणारी वाटणारच. तेव्हाचं लेसरही फार भरवशाचं नव्हतं. १९७९ मध्ये आलेलं आर्गॉन लेसर जाळीवर चटके देई. चटक्याच्या जागी वण राही, आणि वण पडलेल्या जाळीवर पुन्हा लेसर करणं धोक्याचं. एकदाच वापरता येणारं हत्यार कोण पहिल्याच दिवशी काढेल? म्हणून ते राखून ठेवलं गेलं, आणि लेसर म्हणजे पुढची पायरी हा समज तिथून रुजला.

बाटलीतली गोम

थेंबांवर माझा राग नाही. लाखो डोळे त्यांनी राखले आहेत आणि पुढेही राखतील. पण ते घालायचे कुणी, रोज, मरेपर्यंत, आणि तेही अशा आजारासाठी ज्यात काही दुखत नाही, काही खुपत नाही? औषध चुकलं तरी आज काही बिघडल्यासारखं दिसत नाही आणि घातलं तरी काही सुधारल्यासारखं वाटत नाही. उलट थोडं चुरचुरतंच. डोकेदुखीची गोळी कुणी विसरत नाही, कारण डोकं आठवण करून देतं. इथं आठवण करून देणारं कुणीच नाही. बाटलीतच मोजणी करणारं यंत्र बसवून पाहण्या झाल्या आहेत. त्यांत रुग्ण तोंडानं सांगतात तो आकडा आणि बाटलीनं नोंदवलेला आकडा यांचा मेळ बसला नाही. ते खोटं बोलत होते असं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की आपण नियमित घालतोय.

औषधांचे स्वतःचे त्रास वेगळे. टिमोलॉलसारख्या औषधानं दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते, नाडी मंद होऊ शकते. डोळ्यात टाकलेला थेंब नाकावाटे रक्तात उतरतो हे फार जणांना ठाऊक नसतं. लॅटानोप्रोस्टच्या जातीच्या औषधांनी पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते. आतोबांच्या एकाच डोळ्याच्या पापण्या अशा दाट झाल्या होत्या की आम्ही पोरं त्यांना चिडवायचो.

पण खरी गोम आणखी खाली आहे. बऱ्याच थेंबांमध्ये औषध टिकावं म्हणून एक रसायन घातलेलं असतं. ते वर्षानुवर्षं डोळ्यावरच्या पातळ आवरणावर पडत राहिलं की ते आवरण लालसर, सुजकट होतं. पुढे ऑपरेशनची वेळ आलीच तर सर्जनला त्याच आवरणाखालून पाण्याला वाट काढून द्यायची असते. सुजलेलं आवरण भराभर वण धरतं आणि ती वाट बुजते. म्हणजे दहा-पंधरा वर्षं आधी थेंब, मग ऑपरेशन या क्रमात थेंब ऑपरेशनची जमीनच नापीक करून ठेवतात. आतोबांचं ऑपरेशन दोन वर्षं चाललं आणि बुजलं. कारण हेच होतं की दुसरं काही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हे कळल्यापासून त्या अंड्यांच्या खाचा मला वेगळ्या दिसायला लागल्या.

लेसरच्या खोलीत

१९९० च्या दशकात मार्क लॅटिना या अमेरिकी डॉक्टरांनी वेगळ्या जातीचं लेसर आणलं. त्याचं पूर्ण नाव सिलेक्टिव्ह लेसर ट्रॅबेक्युलोप्लास्टी; दवाखान्यात सगळे एसएलटीच म्हणतात. युक्ती वेळेत आहे. लेसरचा एक ठोका सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या तिप्पट, म्हणजे तीन नॅनोसेकंद, एवढाच टिकतो. जाळीतल्या ज्या पेशींमध्ये काळसर रंगद्रव्य आहे त्याच तो शोषतात, आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत ठोका संपलेला असतो. म्हणून चटका नाही आणि वणही नाही. त्या पेशींना बसलेल्या धक्क्यानं शरीराची स्वतःची साफसफाई सुरू होते, कचरा उचलणाऱ्या पेशी जाळीत येतात आणि पाणी पुन्हा वाहू लागतं. सिंकची जाळी घासायला बाहेरून माणूस पाठवण्याऐवजी घरातल्यांनाच कामाला लावल्यासारखं. वण नसल्यामुळे काही वर्षांनी परिणाम ओसरला तर लेसर पुन्हा करता येतं.

आत्याबरोबर मी गेले होते, म्हणून पाहिलेलं सांगते. आधी एक थेंब, लेसरनंतर दाब उसळू नये म्हणून. मग डोळा बधिर करणारे थेंब. ना इंजेक्शन, ना टाका, ना उपाशीपोटी येणं. हनुवटी टेकवून बसायचं ते यंत्र नेहमीच्या तपासणीतल्यासारखंच. डॉक्टरांनी जेल लावलेलं एक जाडजूड भिंग डोळ्यावर टेकवलं. त्यात छोटा आरसा असतो, कारण ती जाळी समोरून दिसतच नाही, आरशातून डोकावून पाहावी लागते. मग टिक, टिक, टिक. हिरवट प्रकाशाचे ठिपके, पूर्ण गोल फिरत, शंभराच्या आसपास. जाळीपाशी सोड्याच्या बाटलीत उठतात तसे बारीक बुडबुडे दिसले की ताकद बरोबर लागली असं समजतात. एका डोळ्याला पाचेक मिनिटं. तासभर थांबवून प्रेशर पुन्हा मोजलं आणि घरी सोडलं. संध्याकाळपर्यंत डोळा जरा लाल, उजेडाचा थोडा त्रास. "एवढंच?" आत्यानं रिक्षात विचारलं. तिच्या सुरात सुटकेपेक्षा फसवणूक झाल्याचा भाव जास्त होता.

परिणाम लगेच दिसत नाही, सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. दाब साधारण वीस ते तीस टक्क्यांनी उतरतो, म्हणजे एका चांगल्या बाटलीच्या तोडीचा. सगळ्यांनाच उतरतो असं नाही. काही डोळे लेसरला दादच देत नाहीत. थोड्या जणांत पहिल्या दिवशी दाब उसळतो, म्हणून तो तासभर थांबवणं.

मग पायऱ्या नेमक्या कशानं बदलल्या? ब्रिटनमधल्या लाइट या अभ्यासानं. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयाच्या गस गझार्ड यांच्या पुढाकारानं झालेल्या या अभ्यासात काचबिंदूचं किंवा वाढलेल्या दाबाचं निदान नुकतंच झालेले आणि एकही थेंब न घातलेले ७१८ रुग्ण होते. निम्म्यांना आधी लेसर, निम्म्यांना आधी थेंब. २०१९ मध्ये तीन वर्षांचे निकाल आले तेव्हा लेसर गटातल्या चारपैकी जवळपास तिघांना एकाही थेंबाची गरज लागलेली नव्हती. सहा वर्षांनीही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास टिकून होतं. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे: सहा वर्षांत आधी थेंब दिलेल्या गटात ३२ डोळ्यांना ट्रॅबेक्युलेक्टॉमी लागली, आधी लेसर केलेल्या गटात १३. आजार पुढं सरकलेले डोळे थेंबांकडे २६.८ टक्के, लेसरकडे १९.६ टक्के. दोन्ही गटांत दाबाचं उद्दिष्ट सारख्याच पद्धतीनं ठरवलेलं असताना हा फरक पडला. लेसर रात्री झोपेतही काम करतं आणि विसरत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं, असं मला वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व्यवस्थेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेनं आपला सल्ला बदलला: अशा नव्या रुग्णाला आधी लेसर सुचवा.

हे ब्रिटनचं झालं, तिथं दवाखाना कोपऱ्यावर आहे, असं कुणी म्हणेल. टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशी शहरातल्या रुग्णालयात हाच सामना लेसर विरुद्ध टिमोलॉल असा लावून पाहिला. तिथले बरेच रुग्ण पुढच्या टप्प्यातले होते. वर्षभरानं लेसर केलेल्या डोळ्यांपैकी ६१ टक्क्यांत उपचार यशस्वी ठरला, टिमोलॉलच्या डोळ्यांपैकी ३१ टक्क्यांत. औषधाचं दुकान तालुक्याला आणि बाटली दर महिन्याला विकत घ्यायची, अशी स्थिती असलेल्या माणसासाठी हा आकडा लंडनच्या आकड्यापेक्षा जवळचा आहे. तो माणूस टांझानियात जसा आहे तसा जव्हार-मोखाड्यातही आहे.

कोन बंद असेल तर गोष्टच वेगळी

आत्तापर्यंत जे सांगितलं ते खुल्या कोनाच्या काचबिंदूचं. सिंकचं तोंड उघडं, जाळी तुंबलेली. दुसऱ्या प्रकारात जाळी ठीक असते, पण रंगीत पडदाच पुढं सरकून तिच्यावर पडलेला असतो. आशियाई लोकांत, म्हणजे आपल्याकडेही, हा प्रकार युरोपपेक्षा बराच जास्त आढळतो. इथं एसएलटीचा उपयोग नाही, कारण जाळी दिसतच नाही तर ठोके मारणार कशावर? इथलं लेसर वेगळं: रंगीत पडद्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक पाडायचं, म्हणजे मागं कोंडलेलं पाणी पुढं येतं आणि पडदा मागं बसतो. दोन्हींना लोक लेसरच म्हणतात आणि मग शेजारणीच्या लेसरचा अनुभव आपल्याला लागू होत नाही म्हणून घोळ होतो.

कधी हा कोन एकदम बंद होतो. डोळा लालभडक, असह्य ठणका, दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी, आणि उलट्या. उलट्यांमुळे लोक पित्त समजून लिंबूपाणी देत बसतात. ही अपघातासारखी तातडीची वेळ आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच तासाला जायला हवं.

कोन अरुंद आहे पण अजून नुकसान काहीच नाही, अशांचं काय? आत्याचं झाल्यावर आम्ही बाबांनाही तपासायला नेलं, कारण सख्ख्या भावंडांत आणि मुलांत काचबिंदूचा धोका जास्त असतो. त्यांचा कोन अरुंद निघाला. दाब ठीक, नस ठीक. बहिणीला लगेच लेसर आणि भावाला "सहा महिन्यांनी या" ऐकून बाबांचा चेहरा पडला, जणू पंगतीत वाढायचं राहून गेलं. पण डॉक्टरांचं बरोबर होतं. चीनमध्ये ग्वांगझूला अशाच ८८९ लोकांच्या एका डोळ्यावर लेसर करून दुसरा तसाच ठेवला आणि सहा वर्षं पाहिलं. लेसर केलेल्यांपैकी १९ डोळ्यांत बिघाड दिसला, न केलेल्यांपैकी ३६. फायदा आहे, पण न केलेल्या आठशेहून अधिक डोळ्यांपैकी फक्त छत्तिसांतच काही झालं, म्हणजे एरवी बहुतेक डोळे कोरडेच सुटले. म्हणून सरसकट सगळ्या अरुंद कोनांना भोक पाडायची गरज नाही असं त्या संशोधकांनी म्हटलं. ज्याला मधुमेहासाठी वारंवार बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा तपासावा लागतो, किंवा जो दवाखान्यापासून इतका लांब राहतो की झटका आल्यास वेळेत पोचणार नाही, त्याचा हिशोब वेगळा.

आणि ज्यांचा कोन बंद होऊन दाब चढलेला आहे त्यांच्यासाठी तर आणखी चमत्कारिक उत्तर आहे: भिंगच काढून टाका, मोतीबिंदू नसला तरी. वयानं भिंग जाड होतं आणि तेच पडद्याला पुढं ढकलत असतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईगल या अभ्यासात पन्नाशीपुढचे ४१९ रुग्ण होते. तीन वर्षांनी भोकाचं लेसर केलेल्यांपैकी साधारण साठ टक्के लोकांना थेंब लागत होते, भिंग बदललेल्यांपैकी एकवीस टक्क्यांना. मोतीबिंदूचं ऑपरेशन आपल्याकडे खेड्यापाड्यात शिबिरांतून होतं. तेच कौशल्य इथं काचबिंदूवर चालतं.

पहिल्याच दिवशी ऑपरेशन

कधी लेसरही पुरेसं नसतं. रुग्ण पहिल्यांदा येतो तेव्हाच नजर बरीच गेलेली, नळीतून पाहिल्यासारखं दिसतंय, दाब चाळीसच्या घरात. आपल्याकडे असे रुग्ण रोज येतात. इथं वीस-तीस टक्क्यांनी दाब उतरवून भागत नाही. बारा-तेरापर्यंत खाली आणावा लागतो. ब्रिटनमधल्या २७ केंद्रांवरच्या ४५३ अशा रुग्णांत आधी ट्रॅबेक्युलेक्टॉमी विरुद्ध आधी थेंब अशी तुलना झाली. निकाल २०२१ मध्ये आले. दोन वर्षांनी सरासरी दाब ऑपरेशनवाल्यांचा १२.४, थेंबवाल्यांचा १५.१. आणि ऑपरेशनमुळे आयुष्य जास्त कष्टाचं झालं, असं रुग्णांच्या उत्तरांत दिसलं नाही. सर्जन घाबरत होते तेवढं ते धोक्याचं निघालं नाही. आतोबा पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते याच टप्प्यावर होते, हे मला आता त्यांचे जुने कागद चाळताना कळतं. तेव्हा हा अभ्यास झालेला नव्हता, डॉक्टरांनी तेव्हाच्या रीतीप्रमाणेच केलं.

सौम्य काचबिंदूत मात्र सरसकट आधी मोठं ऑपरेशन करू नये, हेही तितकंच खरं. अमेरिकेत ६०७ नव्या रुग्णांवर ते करून पाहिलं होतं. पाच वर्षांनी नजरेत दोन्ही गट सारखेच, आणि ऑपरेशनवाल्यांत मोतीबिंदू जास्त. ज्यांची नजर सुरुवातीलाच जास्त गेलेली होती त्यांनाच ऑपरेशनचा फायदा झाला.

तान्ह्या बाळांचा काचबिंदू हा एकच प्रकार असा की तिथं पहिला मुख्य उपचार ऑपरेशन, यावर वादच नाही. "किती टपोरे डोळे आहेत!" असं कौतुक ज्या बाळाचं होतंय, त्याचे डोळे सतत पाणावत असतील आणि ते उजेडाकडे पाहायला तयार नसेल, तर त्याला त्याच आठवड्यात दाखवा. दाबानं बाळाचा डोळा फुग्यासारखा मोठा होतो.

या दोन टोकांच्या मध्ये छोट्या ऑपरेशनांचा एक नवा मोहल्ला वसलाय. एक मिलिमीटर लांबीची टायटॅनियमची नळी जाळीत बसवायची, किंवा साध्या टाक्याच्या दोऱ्यानं जाळी आतून उकलायची. आपल्याकडचे काही सर्जन इंजेक्शनच्या सुईचं टोक वाकवून जाळीची पट्टी काढतात, कारण परदेशी नळीची किंमत रुग्णाला झेपत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होणारच असेल तर त्याच बैठकीत हे उरकतं. दाब फार खाली जात नाही, पण एखादी बाटली सुटते. उत्साह भरपूर आहे, दीर्घकाळाचे आकडे अजून जमतायत.

डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: माझा कोन खुला आहे की बंद, आणि तो गोनिओस्कोपी करून पाहिला का? म्हणजे तो आरशाच्या भिंगातून पाहण्याचा प्रकार. दोन मिनिटांची तपासणी, पण गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच वगळली जाते, आणि वर सांगितलेल्या सगळ्या वाटा तिथूनच फुटतात. दुसरं, माझ्या डोळ्यासाठी दाब किती खाली हवा? हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. डोळ्यात जुनी सूज असेल, मधुमेहानं नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील, तर एसएलटी करत नाहीत. आणि चालू थेंब "आता लेसर होणारच आहे" म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायचे नाहीत. डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालणाऱ्यांनी तर आजच प्रेशर मोजून घ्यावं, त्या थेंबांनी काचबिंदू होऊ शकतो.

लेसरची एक खोड मात्र कुणी फारशी सांगत नाही. रोज थेंब घालणाऱ्याला रोज आठवतं की आपल्याला काचबिंदू आहे. लेसर झालेला माणूस ते विसरतो. बाटली नाही, खर्च नाही, डोळा छान दिसतोय, मग तपासणीला कशाला जायचं? काही वर्षांनी परिणाम ओसरला तर दाब गुपचूप चढतो.

आत्याचं प्रेशर सव्वीसवरून आठ आठवड्यांनी अठरावर आलं. पुढची तारीख तिनं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली, लिहून ठेवली: 'प्रेशर', बस्स, एवढंच. परवा कामाच्या मावशींनी ते वाचून विचारलं, "ताई, कुकर बिघडलाय का?"